सहल प्राणिसंग्रहालयाची, जबाबदारी नदीची



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. लहान वर्गांची सहल दरवर्षी फूलबागेतल्या गांधी प्राणी उद्यानात, म्हणजे सगळे ग्वाल्हेर ज्याला 'चिडियाघर' म्हणते तेथे, जाते. यंदा पालक सभेत या सहलीवरून दोन तट पडले. काही पालकांचे म्हणणे असे की, गुन्हा नसताना जन्मठेप भोगणारे प्राणी दाखवून आपण मुलांवर कोणते संस्कार करतो? ही सहल बंदच करावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, वाघ-सिंह बघून मुले खूश होतात, तेवढे पुरे. सहलीत कसला आला आहे वाद? विश्वस्त मंडळाने शाळेचे मत विचारले आहे. ते या अंकातून आम्ही सर्वांसमोर ठेवीत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे: सहल बंद करू नये, पण आज आहे तशीही चालू ठेवू नये. प्राणिसंग्रहालय हे जनावरांचे वसतिगृह आहे असे मानले, तर वसतिगृहाला जो प्रश्न आपण विचारतो तोच त्यालाही विचारायला हवा. येथून किती जण शिकून-वाढून आपल्या घरी परत गेले?

शास्त्र विषयाचे आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा आम्ही 'वन्यजीव संरक्षण' असे घोकले होते. मराठी शाळेत आल्यावर 'संवर्धन' हा शब्द अधिक कानावर पडू लागला. आहे ते राखणे म्हणजे संरक्षण आणि आहे ते वाढवणे म्हणजे संवर्धन. चांगल्या प्राणिसंग्रहालयाला ही दोन्ही कामे करावी लागतात. यातले दुसरे काम बाहेरच्या जंगलाशी आणि नदीशी बांधलेले असते, एवढे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

तक्रार खोटी नाही

सहलीला विरोध करणाऱ्या पालकांची तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडची जुनी प्राणिसंग्रहालये संस्थानिकांच्या हौसेतून उभी राहिली. बडोद्याच्या सयाजीबागेतले १८७९ सालचे, तर आपल्या ग्वाल्हेरचे १९२२ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीतले. दूरदेशीचे जनावर पदरी असणे हे त्या काळी वैभवाचे लक्षण होते. लोखंडी गज, सिमेंटची जमीन आणि त्यात एकटाच येरझारा घालणारा बिबट्या, हे चित्र आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्या येरझारा म्हणजे व्यायाम नव्हे. कोंडलेल्या जीवाची ती तगमग असते.

१९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. आता त्याच्या मान्यतेशिवाय देशात कोठेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. जागा किती हवी, पशुवैद्य हवा की नको, नोंदी कशा ठेवायच्या, याचे नियम झाले. नियमांत न बसणारी अनेक लहान संग्रहालये बंद झाली. सगळीकडे सगळे सुधारले असे नाही. परंतु संग्रहालय कशासाठी असते याची व्याख्या कायद्याने बदलली, ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून 'पिंजरा वाईट' एवढ्यावर थांबू नये. हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. दुसरी बाजू पाहायला लांब जायची गरज नाही. मुरैना ओलांडून आग्र्याच्या रस्त्याला लागले की झाले.

आपल्या चंबळची गोष्ट

मराठीत जिला सुसर म्हणतात तिला आपल्या भागात घडियाल म्हणतात. लांब, निमुळता जबडा आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकावर घड्यासारखा गोळा. त्या घड्यावरूनच हे नाव पडले. घडियाल मासे खाऊन जगतो. एके काळी सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी अशा मोठ्या नद्यांतून तो भरपूर होता. कातड्यासाठी शिकार, मासेमारीची जाळी, धरणे आणि अंड्यांची चोरी यांमुळे १९७५ च्या सुमारास देशभरात जेमतेम दोनशे घडियाल उरले असावेत असा अंदाज होता.

त्या वर्षी केंद्र सरकारने मगर संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला. नदीकाठच्या वाळूतली अंडी गोळा करून ती सुरक्षित जागी उबवायची, पिल्ले वाढवायची आणि मोठी झाली की नदीत सोडायची, अशी ही योजना. ऐकायला सोपी वाटते. पण बंदिस्त जागेत घडियालाची वीण तोपर्यंत जगात कोणालाच साधली नव्हती. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात माद्या होत्या, जोडीला योग्य नर नव्हता. तो नर जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाने पाठवला. १९८० साली नंदनकाननमध्ये पिल्ले जन्मली आणि बंदिस्त जागेत घडियाल वाढू शकतो हे जगाला पहिल्यांदा दिसले. भारतातल्या नदीचा प्राणी जर्मनीतल्या तळ्यात जपला गेला आणि आपल्याकडच्या वंशासाठी परत आला. प्राणिसंग्रहालयांची जगभरची सोयरीक म्हणतात ती ही!

इकडे चंबळच्या पट्ट्यात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत मिळून अभयारण्य झाले. लखनौजवळ कुकरैल आणि आपल्या मुरैना जिल्ह्यात देवरी येथे घडियाल संगोपन केंद्रे उभी राहिली. देवरीचे केंद्र वन विभागाचे आहे, त्याला कोणी चिडियाघर म्हणत नाही. परंतु अंडी उबवणे, पिल्लांना खाऊ घालणे, औषधपाणी करणे ही कामे तीच. दरवर्षी चंबळच्या वाळूतून सुमारे दोनशे अंडी तेथे आणली जातात. मार्च-एप्रिलमध्ये घातलेली अंडी मे-जूनमध्ये फुटतात. नदीत जन्मलेल्या पिल्लांपैकी शंभरातले एखाद-दुसरेच मोठे होते. बाकीची पुरात वाहून जातात, नाहीतर पक्षी आणि कोल्हे यांच्या तोंडी पडतात. देवरीत तीच पिल्ले तीनेक वर्षे सांभाळून, चार फुटांची झाली की थंडीच्या दिवसांत नदीत सोडतात.

आज चंबळमधल्या गणनेत दोन हजारांहून अधिक घडियाल मोजले जातात. जगात अन्यत्र कोठेही एवढे नाहीत. पंजाबातल्या बियास नदीतून घडियाल कैक वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. तेथे २०१७ पासून सोडलेले घडियाल आपल्या देवरीचे आहेत. आपल्या मुलांना गुजरातचे सिंह आणि आसामचे गेंडे ठाऊक असतात. पण शाळेपासून तासाभराच्या अंतरावर हे काम चालते, हे मात्र ठाऊक नसते. याचे आम्हाला वाईट वाटते.

शास्त्राच्या तासाला सहावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, त्यांना शिकार करायला कोण शिकवतं?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. घडियालाला कोणी शिकवावे लागत नाही; मासा पकडणे तो उपजतच जाणतो. वाघिणीच्या बछड्याचे तसे नाही. त्याला दीड-दोन वर्षे आई शिकवते, आणि माणसाच्या हातावर वाढलेल्या बछड्याला माणसाची भीतीही उरत नाही. म्हणूनच प्रत्येक प्राणी पिंजऱ्यातून थेट रानात सोडता येत नाही.

आपल्याच संस्थानाच्या इतिहासात याचा दाखला आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून कुनोच्या जंगलात सोडण्याचा घाट घातला. त्यासाठी रानात भिंतींचे मोठे वाडे बांधले. बाहेर सोडलेले सिंह गावांतल्या गुराढोरांवर आणि पुढे माणसांवर पडू लागले आणि तो बेत फसला. जनावर आणणे सोपे असते. त्याला जगता येईल असे रान आणि त्याला जगू देतील अशी गावे, ही खरी अवघड बाब.

जगाच्या पाठीवर

परदेशातली दोन उदाहरणे विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत जरूर लिहून घ्यावीत.

पहिले अरबस्तानच्या वाळवंटातल्या ओरिक्स नावाच्या पांढऱ्या हरणाचे. बंदुका आणि मोटारी आल्यावर त्याची बेसुमार शिकार झाली. १९६२ साली मोहीम काढून थोडी हरणे पकडली आणि अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली. लंडन, कुवेत आणि सौदी अरेबिया येथून काही मिळाली. असा नऊ हरणांचा कळप जमला. १९७२ साली रानातले शेवटचे ओरिक्स मारले गेले. आता जगात होती ती फक्त बंदिस्त जागांत. त्यांच्याच वंशातली हरणे १९८२ साली ओमानच्या वाळवंटात मोकळी सोडली. पुढे इतर देशांतही ती सोडली गेली आणि आज रानात त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. २०११ पर्यंत आंतरराष्ट्रीय यादीत या प्राण्याची श्रेणी तीन पायऱ्यांनी सुधारली. रानातून पूर्ण नाहीशा झालेल्या प्राण्याच्या बाबतीत असे प्रथमच घडले.

दुसरे मंगोलियाच्या रानघोड्याचे. १९६० च्या दशकाअखेर तो रानातून नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत उरलेले सगळे घोडे डझनभर पूर्वजांचेच वंशज होते. जवळच्या नात्यात वीण होऊ नये म्हणून झेकोस्लोव्हाकियातल्या प्राग प्राणिसंग्रहालयाने १९५९ पासून जगातल्या प्रत्येक घोड्याची वंशावळ ठेवली. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र आणि कुळ पाहतात तसेच हे! १९९२ पासून घोडे मंगोलियात परत जाऊ लागले. २०११ पासून तर प्रागहून झेक लष्कराच्या विमानांत घालून घोडे तिकडे नेले. लष्कराचे विमान घोडे पोहोचवायला जाते, ही बातमी वाचून आम्हाला समाधान वाटले.

आपल्या देशातही असे काम होत आहे. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने २००३ साली दोन लाल पांडा माद्या सिंगालिलाच्या जंगलात सोडल्या. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने २०१० पासून पिसोरी हरणाची वीण वाढवली आणि २०१७ पासून ती हरणे अमराबादच्या जंगलात सोडली जाऊ लागली.

एकच प्रयोग, दोन नद्या

येथवर वाचून कोणाला वाटेल की मग काळजी मिटली. प्राणी संपू लागले की प्राणिसंग्रहालये आहेतच. हा समज मोडण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

घडियालांची पिल्ले चंबळमध्ये सोडली तशी ओडिशात महानदीतही सोडली. एक-दोन नव्हे, शेकडो सोडली. चंबळमध्ये ती वाढली. महानदीत मात्र काही वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच उरली. तेथे मासेमारीच्या जाळ्यांत अडकून घडियाल मेले, नावांची ये-जा होती, धरणामुळे पाण्याचा ओघ बदलला होता. २०१९ पासून तेथे पुन्हा पिल्ले सोडली, यावेळी कोळी बांधवांना विश्वासात घेऊन. २०२१ साली महानदीच्या वाळूत घडियालाचे घरटे आणि अठ्ठावीस पिल्ले दिसली. त्याआधीची चार दशके तेथे असे घडले नव्हते.

ओमानचेही तसेच. १९९६ पासून तेथे चोरटी शिकार पुन्हा सुरू झाली आणि सोडलेला कळप जवळजवळ संपला. पुढे सरकारने त्या राखीव क्षेत्राचा नव्वद टक्के भाग कमी केला. तेव्हा २००७ साली ते जागतिक वारशाच्या यादीतून काढले गेले. यादीतून नाव काढले गेलेले ते पहिलेच स्थळ.

तात्पर्य एवढेच की, प्राणिसंग्रहालय पिल्लू देऊ शकते. नदी देऊ शकत नाही. ते काम नदीकाठच्या आणि नदीची वाळू वापरणाऱ्या माणसांचे, म्हणजे आपले आहे.

आपली चंबळही निर्धास्त नाही. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिच्या खालच्या टप्प्यात शंभराहून अधिक घडियाल मेले. परदेशातून मगरींचे पशुवैद्य मदतीला आले. मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली आणि माशांतून विष गेले असावे असा संशय व्यक्त झाला. शिवाय रोजचा धोका वेगळाच आहे, आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आपल्या शहरात येतो. घडियाल अंडी घालतो ती नदीकाठच्या उंच, कोरड्या वाळूत. दुर्मिळ कासवे आणि पाणचिरा पक्षीही त्याच वाळूवर विसंबून आहेत. अभयारण्यातली वाळू उपसणे बेकायदेशीर आहे. तरीही ती उपसली जाते, कारण ती विकत घेणारे आहेत. देवरीत एकीकडे दोनशे अंडी जपायची आणि दुसरीकडे अंडी घालायची जागाच भिंतीच्या गिलाव्याला लावायची, याला संवर्धन म्हणता येणार नाही.

पांढऱ्या वाघापुढची गर्दी

आता 'मुलांना मजा येते, तेवढे पुरे' म्हणणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द. फूलबागेत सर्वांत जास्त गर्दी पांढऱ्या वाघापुढे असते. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. पुढे मोहनची वीण त्याच्याच मुलीशी करवून पांढरी पिल्ले मिळवली. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारे पांढरे वाघ बहुतेक त्याच घराण्यातले. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे, तो रंगातला एक फरक आहे. तो टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात वीण केल्याने व्यंगे आणि आजार वाढतात. म्हणून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सभासदांना अशी वीण करण्यास मनाई केली.

मुलांनी पांढरा वाघ जरूर पाहावा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? परंतु तिकिटासाठी जपलेले जनावर कोणते आणि वंशासाठी जपलेले कोणते, हे ओळखता आले पाहिजे. आमच्या मते सहलीचा खरा अभ्यास तोच.

शाळेचा प्रस्ताव

वरील विचार करून विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील प्रस्ताव ठेवला आहे.

१. पाचवी ते आठवीची सहल यापुढे एका दिवसात दोन ठिकाणी जाईल. सकाळी देवरीचे घडियाल केंद्र, दुपारी फूलबागेतले प्राणी उद्यान. लहान वर्ग पूर्वीप्रमाणे फक्त प्राणी उद्यानात जातील.

२. प्रत्येक विद्यार्थी वही नेईल आणि कोणत्याही तीन प्राण्यांविषयी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणेल. याचे भाऊबंद रानात उरले आहेत का? याची पिल्ले रानात परत जाऊ शकतील का? नसतील, तर आड काय येते? उत्तर मिळाले नाही तर तेथल्या कर्मचाऱ्यांना नमस्कार करून विचारावे. जनावरांना रोज खाऊ घालणाऱ्या माणसाइतके ज्ञान पुस्तकात नसते.

३. पिंजऱ्यापुढे आरडाओरडा, खडे मारणे, चिप्स-बिस्किटे टाकणे चालणार नाही. हा नियम सोबत येणाऱ्या पालकांनाही लागू आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

४. शाळेच्या आवारात दोन नव्या खोल्या बांधावयाच्या आहेत. त्या कामाला येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर कायदेशीर खाणीची रॉयल्टीची पावती असलीच पाहिजे. पावती नसलेली वाळू फाटकातून आत घेऊ नये. यामुळे खर्च वाढेल याची कल्पना आहे. तो भरून काढण्यासाठी यंदाच्या स्नेहसंमेलनाचा मांडव साधा करावा असे आम्ही सुचवले आहे.

चौथ्या मुद्द्यावर मंडळात एकमत झालेले नाही. काही सभासदांना ही गोष्ट शाळेच्या कक्षेबाहेरची वाटते. ठेकेदार नाराज होईल, काम लांबेल, आपल्या दोन खोल्यांच्या वाळूने चंबळला काय फरक पडतो, असे प्रश्न निघाले. त्यांच्या वडीलकीचा मान राखून आम्ही एवढेच म्हणू की, देवरीला जाऊन आलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी वाळूची ट्रॉली बघेल, तेव्हा ती कोठून आली हे ते आपल्या शिक्षकांना विचारणारच. त्या प्रश्नाला सरळ उत्तर देता यावे, अशी शिक्षकांची इच्छा आहे. ज्या पालकांच्या घरी बांधकाम चालू आहे त्यांनीही याचा विचार करावा.

सहलीचे संमतिपत्रक वर्गशिक्षकांकडे मिळेल. त्याच्या मागच्या बाजूला या चारही मुद्द्यांवर आपले मत लिहिण्यासाठी जागा सोडली आहे. विरोधी मत असले तरी मोकळेपणाने लिहावे. आलेली सर्व मते मंडळाच्या पुढील बैठकीत वाचून दाखवली जातील.